नववं वळण

फेब्रुवारीतच फर्मिननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर
जुलै पसरून ठेवलाय.
एका कोपऱ्यावर मुरंब्याची बरणी, दुसऱ्यावर माझा चष्मा,
नाहीतर नकाशा गुंडाळतो
आणि मला डोंगर दिसतही नाहीत, चुकतही नाहीत.

बाहेर बीटची शेतं पाण्याखाली.
आमच्याकडे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल,
आणि तोही बोट आली की उचलून बाजूला होतो.
अशा माणसांनी दोन हजार मीटरवर जायचं,
तेही या व्हॅनमधून,
जिला गेल्या वर्षी ब्रेकनं नाही,
चर्चच्या कुंपणानं थांबवलं.

रस्ता आदल्या दिवशीच बंद करतात, फर्मिन म्हणतो.
शर्यत शनिवारी, तर आपण गुरुवारी.
म्हणजे दोन रात्री मेंढ्यांच्या लेंड्यांत खुर्च्या टाकून.
चाळीस लिटर पाणी. बटाटे. लोकरीचे मोजे. छत्री.
मी लिहून घेते.
आणि एवढं करून पहिले दहाजण समोरून
शिंक यावी तसे येणार आणि जाणार.

पण पहिल्या दहांसाठी चाललंय कोण?
आपण चाललोय येल्लेसाठी.
गल्लीच्या टोकाचा, अनलोरचा मुलगा;
आमच्या दारात पेपर टाकायचा
आणि नेमका डबक्यात टाकायचा.
आता पाणी वाहतो.
मागे गाडीपर्यंत यायचं, सदऱ्यात आठ बाटल्या कोंबायच्या,
पुन्हा पुढे गाठायचं, जिंकणाऱ्यांना पाजायचं.
घाट लागला की त्याचं काम संपतं.
मग त्याचा स्वतःचा घाट सुरू होतो.

विजेच्या बिलाच्या पाठीवर फर्मिनचं गणित:
पहिला पोचल्यावर इतक्या मिनिटांत शेवटचा पोचला नाही
तर त्याची बॅग थेट घरी.
मी विचारलं, येल्लेजवळ किती उरतात?
त्यानं पेन्सिलीला टोक काढलं.
टोक चांगलं होतं.

त्याला शिखरावर थांबायचं होतं. मला नवव्या वळणावर.
शिखरावर सगळेच टाळ्या वाजवतात.
नवव्यावर झाड नाही, गाव नाही,
सात किलोमीटर अजून बाकी,
आणि सोडून द्यायचं मनात येतं ते अशाच ठिकाणी.
तुला काय ठाऊक, तो म्हणाला,
तू तर सायकल फक्त बाजाराला नेलीस.
बेचाळीस वर्षं तुझ्याबरोबर राहिले, मी म्हटलं.
नववं ठरलं.

काल अनलोर येऊन गेली.
चल म्हटलं, तर नको.
चढ बघवतो तिला, उतार नाही;
उतार लागला की ती न्हाणीघरात जाते
आणि नळ सोडून बसते.
नकाशावर बोट ठेवून तिनं एवढंच विचारलं,
इथे सावली असते का?
फर्मिनला खिंडींची उंची पाठ आहे,
एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं हवामान पाठ आहे.
तो चष्मा पुसत राहिला.

आता प्रश्न रंगाचा.
पांढरा, भिंतीचा, दोन डबे. रस्त्यावर लिहायचं काय?
नाव, तो म्हणतो. नाव तर त्याला माहीत आहे, मी म्हणते.
‘संपत आलं’? ते खोटं.
‘शाबास’? ते कुणालाही लागू.
आणि अक्षरं केवढी?
पुढचे डोंगर बघतात. शेवटचा
फक्त चाकापुढचं दोन हात डांबर बघतो.

म्हणून लहानच काढायची, एकाखाली एक,
त्याच्या वेगानं वाचता येतील अशी:
आईनं
दार
हिरवं
रंगवलं.

आज दुपारी ऊन पडलं तेव्हा अंगणातल्या विटांवर तालीम केली.
रंग महाग, म्हणून बादलीत नुसतं पाणी.
फर्मिन गुडघ्यावर, ब्रश हातात. मी घड्याळ धरून.
‘रंगवलं’पर्यंत पोचेस्तोवर
‘आईनं’ वाळून गेली होती.
तो कंबर धरून उठला, माझ्याकडे बघितलं.
मी वहीत लिहिलं: ब्रश, अजून एक.